कामाच्या गावी एक रात्र

अमेरिकन सिनेमात हे दृश्य तुम्ही पाहिलं असेल. माणूस हॉटेलच्या खोलीत येतो, पलंगाशेजारचा खण उघडतो आणि आत बायबल असतं. ते तिथं कसं आलं, याची गोष्ट धर्माइतकीच धंद्याचीही आहे.

सप्टेंबर १८९८. विस्कॉन्सिन राज्यातलं बॉस्कोबेल हे लहानसं गाव. जॉन निकोल्सन नावाचा फिरता विक्रेता तिथल्या सेंट्रल हाऊस हॉटेलात पोचला, तेव्हा हॉटेल भरलेलं होतं. सॅम्युएल हिल या दुसऱ्या विक्रेत्याच्या खोलीत जागा होती, तिथं त्याची सोय झाली. दोघं एकमेकांना पूर्ण अनोळखी. रात्री बायबल वाचायची दोघांची सवय जुळली, गप्पा झाल्या, आणि पुढच्याच वर्षी त्या ओळखीतून ख्रिस्ती फिरत्या विक्रेत्यांची 'गिडियन्स' ही संघटना उभी राहिली. १९०८ साली मोन्टाना राज्यातल्या एका हॉटेलात त्यांनी पहिल्यांदा खोल्याखोल्यांमधून बायबलं ठेवली.

मला या गोष्टीत बायबलापेक्षा ती खोली महत्त्वाची वाटते. अनोळखी माणसाच्या खोलीत जाऊन झोपायचं, यात त्या काळी कुणाला काही वावगं वाटलं नाही. कामासाठी गावोगाव फिरणाऱ्या माणसाला स्वतःची खोली लागते, स्वतःचं न्हाणीघर लागतं, हा विचार अजून रुळलेला नव्हता.

मी बँकांच्या शाखांचं ऑडिट करते. महिन्यातल्या दहा-बारा रात्री परगावी जातात, त्यातल्या बऱ्याचशा एकाच प्रकारच्या हॉटेलांत. स्वच्छ पलंग, टेबल-खुर्ची, वायफाय, फुकट नाश्ता. बँक्वेट हॉल नाही, बार नाही, बॅग उचलायला धावत येणारा माणूस नाही. या धंद्यात त्यांना 'लिमिटेड सर्व्हिस' म्हणतात. त्यांचा इतिहास बहुतेक वेळा वजाबाकीचा म्हणून सांगितला जातो : कोणी काय काढून टाकलं आणि दर किती खाली आणला. तो खराच आहे. पण तो वाचताना मला दरवेळी दुसरा प्रश्न पडतो. ही यादी करताना त्यांच्या डोळ्यांसमोर प्रवासी म्हणून नेमकं कोण होतं?

दीड डॉलरची खोली

एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेत रेल्वेबरोबर फिरत्या विक्रेत्यांची फौज वाढली. लोक त्यांना 'ड्रमर' म्हणत. मालाचे नमुने भरलेल्या पेट्या घेऊन ते गावात उतरत. हॉटेलवाले त्यांच्यासाठी नमुने मांडायला वेगळी खोली ठेवत आणि गावातले दुकानदार तिथं येऊन ऑर्डरी देत. म्हणजे मालासाठी स्वतंत्र खोली होती, माणसासाठी असेलच असं नव्हतं.

हे बदललं एल्सवर्थ स्टॅटलर या माणसानं. नवव्या वर्षी काचेच्या कारखान्यात कामाला लागलेला हा मुलगा तेराव्या वर्षी व्हीलिंग गावातल्या एका हॉटेलात बेलबॉय झाला. सामान उचलणाऱ्या पोराला पाहुण्यांच्या तक्रारी मालकाआधी कळतात. १९०८ मध्ये, म्हणजे खोलीत बायबल पोचलं त्याच वर्षी, त्यानं बफेलो शहरात ३०० खोल्यांचं हॉटेल उघडलं. प्रत्येक खोलीला स्वतःचं न्हाणीघर, आणि जाहिरात अशी की खोली आणि अंघोळ दोन्ही मिळून दीड डॉलर.

इतक्या कमी दरात हे जमलं कसं? नळाच्या पाइपांमुळे. स्टॅटलरनं शेजारशेजारच्या दोन खोल्यांची न्हाणीघरं पाठीला पाठ लावून बांधली आणि मधून वरपासून खालपर्यंत एकच उभा बोगदा काढला. सगळे पाइप त्यातून गेले. नळकाम निम्म्यावर आलं, दुरुस्तीही सोपी झाली. आज तुमच्या हॉटेलातल्या बाथरूमपलीकडून शेजाऱ्याच्या शॉवरचा आवाज येतो, त्याचं मूळ या युक्तीत आहे.

बाकीच्या गोष्टी तर आपल्याला इतक्या ओळखीच्या आहेत की कुणीतरी त्या शोधून काढल्या असतील असं वाटतच नाही. अंधारात चाचपडायला नको म्हणून दाराजवळच दिव्याचं बटण. मुठीखाली झाकून जाऊ नये म्हणून मुठीच्या वर कुलपाचं भोक. उंच आरसा. नळाला थंड पाणी. सकाळी दाराशी वर्तमानपत्र. हे सगळं दमून रात्री उशिरा पोचलेल्या आणि सकाळी कामावर जायच्या माणसाचा विचार करून केलेलं होतं. श्रीमंतांच्या हॉटेलात ऐषाराम आधीही होता. स्टॅटलरनं मध्यम कमाईच्या कामकरी माणसाला एकांत दिला.

सरप्राइझ नको

पुढचा टप्पा मोटारींचा. १९५१ मध्ये मेम्फिसचा बांधकाम व्यावसायिक केमन्स विल्सन बायको आणि पाच मुलांना घेऊन वॉशिंग्टनला निघाला. वाटेतली मोटेलं कुठं घाणेरडी, कुठं महाग, आणि त्यावर प्रत्येक मुलामागे दोन डॉलर जादा. तो इतका वैतागला, की परत येईपर्यंत खोल्यांची मापं घेत राहिला. ऑगस्ट १९५२ मध्ये मेम्फिसच्या समर अॅव्हेन्यूवर त्यानं पहिलं हॉलिडे इन उघडलं. आराखडा काढणाऱ्यानं त्यावर गंमत म्हणून एका सिनेमाचं नाव लिहिलं होतं, तेच कायम झालं.

१९५६ च्या कायद्यानं देशभर महामार्गांचं जाळं विणायला घेतलं आणि त्या जाळ्याबरोबर हॉलिडे इन पसरलं. १९६५ मध्ये आरक्षणासाठी संगणकाची यंत्रणा आली, १९६८ मध्ये हजारावं हॉटेल उघडलं. त्यांची पुढची एक प्रसिद्ध जाहिरात सांगायची, की सरप्राइझ नसणं हेच सगळ्यात चांगलं सरप्राइझ. फिरतीच्या माणसाला नावीन्य नको असतं, हे त्यांना नेमकं कळलं होतं. दिवसभर अनोळखी माणसांशी बोलून आल्यावर निदान दिव्याचं बटण तरी ओळखीच्या जागी असावं.

पण हा भरवसा सगळ्यांसाठी नव्हता. त्याच महामार्गांवरून जाणाऱ्या काळ्या विक्रेत्याला रात्री कुठलं दार उघडेल, याची खात्री नसायची. न्यू यॉर्कच्या हार्लेममधला टपालवाला व्हिक्टर ह्यूगो ग्रीन यानं १९३६ मध्ये 'ग्रीन बुक' काढलं. काळ्या प्रवाशांना कुठे राहायला मिळेल, कुठे जेवायला, कुठे पेट्रोल भरता येईल, याची ती गावोगावची यादी होती. पुस्तक तीस वर्षं निघत राहिलं, कारण तीस वर्षं त्याची गरज होती.

२ जुलै १९६४ रोजी नागरी हक्क कायद्यावर सही झाली. त्यानंतर दोनेक तासांतच अटलांटातल्या 'हार्ट ऑफ अटलांटा' या २१६ खोल्यांच्या मोटेलच्या मालकानं कोर्टात धाव घेतली. माझ्या मोटेलात कुणाला घ्यायचं हे सरकार कसं ठरवणार, असा त्याचा दावा होता. १४ डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयानं एकमतानं तो फेटाळला. निकालाचा आधार पाहण्यासारखा आहे. त्या मोटेलचे चारातले तीन पाहुणे बाहेरच्या राज्यांतून येत होते. राज्याराज्यांमधल्या व्यापाराचं नियमन संसदेच्या हातात आहे, आणि रात्री झोपायला जागाच नसेल तर व्यापारासाठी फिरणारा माणूस फिरणार कसा? माणसाचा हक्क मान्य झाला तो व्यापाराच्या वाटेनं. पुढे त्याच जागेवर हिल्टनचं मोठं हॉटेल उभं राहिलं.

सात विभाग, पन्नास गोष्टी

अटलांटा लक्षात ठेवा, कारण कथेतलं पुढचं वळणही तिथलंच आहे.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मॅरियट कंपनीपुढे पेच होता. शहरांच्या मध्यभागी मोठी हॉटेलं बांधायच्या जागा संपत आल्या होत्या. दुसरीकडे महिन्यातून अनेकदा फिरणाऱ्या नोकरदारांना महागडं हॉटेल परवडत नव्हतं आणि स्वस्त मोटेल नकोसं होतं. मग या माणसाला हवंय तरी काय?

कंपनीनं व्हार्टनचे पॉल ग्रीन आणि जेरी विंड यांना बोलावलं. १९८२ मध्ये ६०१ प्रवाशांचा अभ्यास झाला. हॉटेलचे सात विभाग पाडले : बाहेरचं रूप, खोली, खाणं, बसायची जागा, सेवा, विरंगुळा आणि सुरक्षितता. त्यांत मिळून पन्नास गोष्टी. आणि लोकांना 'तुम्हाला हे आवडेल का?' असं विचारलं नाही, कारण त्याला सगळेच हो म्हणतात. प्रत्येक सोयीसमोर तिची किंमत लिहिली आणि विचारलं, की या पैशांत यातलं काय घ्याल, काय सोडाल?

उत्तरांमधून माणसाचं चित्र उभं राहिलं. त्याला भव्य लॉबी नको होती, पण चांगलं टेबल, बऱ्यापैकी मोठी खोली आणि शांतता हवी होती. हॉटेलसारखं न दिसणारं, घरगुती वळणाचं ठिकाण हवं होतं. १९८३ मध्ये अटलांटाजवळ पहिलं 'कोर्टयार्ड' उघडलं. दोन-तीन मजले, मोजक्या खोल्या, लहानसं उपाहारगृह आणि मधोमध अंगण. नावाचा अर्थच अंगण. आपल्याकडच्या चौकाच्या वाड्याची आठवण यावी अशी रचना, फक्त सगळे भाडेकरू एका रात्रीचे.

पाठोपाठ इतर आले. १९८४ मध्ये मेम्फिसलाच हॉलिडे इनच्या कंपनीनं 'हॅम्प्टन इन' काढलं आणि उपाहारगृहच काढून टाकलं. त्याऐवजी नाश्ता फुकट. हिशेब सरळ होता. उपाहारगृहाला आचारी, वाढपी आणि दिवसभराचा कच्चा माल लागतो, आणि रात्री पाहुणा बाहेरच जेवून येतो. नाश्त्याला तीन तास आणि दोन माणसं पुरतात. १९८७ मध्ये मॅरियटनं आणखी स्वस्त 'फेअरफील्ड इन' आणलं, त्याचं पहिलं हॉटेल पुन्हा अटलांटात.

गंमत पाहा. विल्सननं जे साधं म्हणून सुरू केलं होतं, त्या हॉलिडे इनमध्ये तीस वर्षांत इतकं काही जमा झालं होतं, की त्याच कंपनीला वजाबाकी नव्यानं करावी लागली. नव्वदच्या दशकाच्या तोंडावर तर 'हॉलिडे इन एक्स्प्रेस' निघालं, म्हणजे हॉलिडे इनच्याच नावातून उपाहारगृह वजा झालं.

पटेलांची चावी

ही वजाबाकी आणखी एका समाजाच्या पथ्यावर पडली. दक्षिण गुजरातमधून, आणि १९७२ नंतर युगांडातून हाकलले गेल्यानंतरही, अनेक गुजराती कुटुंबं अमेरिकेत पोचली. सत्तरच्या दशकातल्या तेलटंचाईत रस्त्यावरची वाहनं कमी झाली, मोटेलं स्वस्तात विकायला निघाली आणि पटेलांनी ती घेतली. राहायला जागा आणि धंदा एकाच छपराखाली. नवरा काउंटरवर, बायको खोल्या साफ करणार, मुलं शाळेतून आल्यावर टॉवेलांच्या घड्या घालणार.

त्यांच्या वाट्याला आलेलं स्वागत कडू होतं. विमा कंपन्या विमा नाकारत, बँका कर्ज नाकारत आणि समोरचा प्रतिस्पर्धी दारावर 'अमेरिकन मालकीचं' अशी पाटी लावत असे. १९८५ मध्ये टेनेसीतल्या भारतीय मालकांनी विम्याच्या प्रश्नावर एकत्र येऊन संघटना बांधली. १९८९ मध्ये अटलांटात 'आहोआ' ही आशियाई-अमेरिकन हॉटेलमालकांची संस्था स्थापन झाली. आज अमेरिकेतली सुमारे साठ टक्के हॉटेलं आपल्या सदस्यांची आहेत, असं ती सांगते.

लिमिटेड सर्व्हिस साखळ्यांची फ्रँचायझी या कुटुंबांना नेमकी मानवली. बार नाही, मोठं स्वयंपाकघर नाही, मेजवान्या नाहीत. उरतं ते खोली आणि नाश्ता, आणि तेवढं घरची माणसं सांभाळू शकतात. वर साखळीचं नाव पाटीवर असलं की मालकाचं आडनाव कुणी विचारत नाही. हार्ट ऑफ अटलांटाच्या खटल्यात प्रश्न होता पाहुण्याच्या रंगाचा, इथे होता मालकाच्या. दोन्ही वेळा उत्तराचं गाव एकच.

दाराला कडी

कोर्टयार्डच्या सात विभागांत 'सुरक्षितता' हा वेगळा विभाग होता, हे मला विशेष वाटतं. सत्तरच्या दशकात अमेरिकेत कामासाठी एकट्या फिरणाऱ्या स्त्रिया वाढत होत्या, पण खोलीचं कुलूप जुनंच होतं. पितळी चावी, तिला खोलीचा नंबर कोरलेला बिल्ला. हरवली तरी कुलूप बदलायचं नाही. १९७४ मध्ये न्यू यॉर्कजवळच्या एका मोटेलात, दार नीट बंद होत नसल्यामुळे आत शिरलेल्या माणसानं एका प्रसिद्ध गायिकेवर अत्याचार केला. तिनं खटला भरला आणि १९७६ मध्ये ज्यूरीनं तिला सुमारे पंचवीस लाख डॉलर भरपाई देवविली. कुलूप ही हॉटेलची जबाबदारी आहे, हे हॉटेलवाल्यांना पैशांच्या भाषेत कळलं. त्याच सुमारास नॉर्वेतल्या टोर सॉर्नेस यांनी ३२ छिद्रांचं प्लास्टिकचं कार्ड तयार केलं, ज्यामुळे दर पाहुण्याला नवी किल्ली देणं शक्य झालं. आज मी खिशात घालते ते कार्ड त्याचंच नातवंड.

माझ्यासाठी ही बाब पुस्तकी नाही. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी गेले होते. लॉजवरच्या माणसानं रजिस्टर उघडलं, माझ्यामागे पाहिलं आणि विचारलं, "बरोबर कोण आहे?"

"कोणी नाही. ऑफिसच्या कामाला आलेय."

"एकट्या लेडीजला आम्ही रूम देत नाही, मॅडम."

कंपनीचं पत्र दाखवलं, ओळखपत्र दाखवलं. शेवटी शाखेच्या मॅनेजरांचा फोन आला, तेव्हा खोली मिळाली.

बाबा ऐंशीच्या दशकात औषध कंपनीचे एमआर होते, सोलापूर-उस्मानाबाद भागात फिरायचे. मी त्यांना विचारलं, "तुम्ही लॉज कसा निवडायचात?"

"निवडायचा कुठला गं! स्टँडसमोर असेल तो. गरम पाणी सकाळी सहा ते आठ, एक बादली. खोलीत दुसरा एमआर असायचाच."

बॉस्कोबेलमधली ती रात्र बाबांनी महिन्यातून वीसदा काढली होती. पण 'बरोबर कोण आहे' हे त्यांना कधीही, कुणीही विचारलं नव्हतं.

बेंगळुरू, २००४

आपल्याकडे ही कल्पना नीट रुजली ती बऱ्याच उशिरा. १९०३ पासून ताजमहाल हॉटेल चालवणाऱ्या टाटांच्या इंडियन हॉटेल्सनं, व्यवस्थापनतज्ज्ञ सी. के. प्रल्हाद यांच्या विचारांचा आधार घेऊन, जून २००४ मध्ये बेंगळुरूच्या व्हाइटफील्ड भागात 'इंडिवन' नावाचं हॉटेल उघडलं. दर हजार रुपयांच्या आसपास. आपली बॅग आपण न्यायची, पाणी मजल्यावरच्या यंत्रातून भरून घ्यायचं. पुढे त्याचं नाव 'जिंजर' झालं आणि साखळी देशभर पसरली. ज्या देशात साध्या लॉजवरही बॅग उचलायला पोऱ्या असतो, तिथं 'स्वतः न्या' म्हणणं धाडसाचंच होतं.

अमेरिकेतलं चक्र इथंही फिरलं. जिंजरनं हळूहळू कात टाकली, खोल्या रंगीत झाल्या, दर चढले. २०२३ मध्ये मुंबईत सांताक्रूझच्या विमानतळाजवळ उघडलेलं जिंजर ३७१ खोल्यांचं आहे. हजार रुपयांचं ते पहिलं हॉटेल ज्याच्यासाठी होतं, त्याला आता दुसरं काही शोधावं लागतं.

शिवाय वजा केलेलं काम नाहीसं होत नाही, ते कुणाच्या तरी अंगावर जातं. थोडं पाहुण्याच्या, बरंचसं खोल्या साफ करणाऱ्या बायकांच्या. गाद्या जाड झाल्या, उशा वाढल्या, एका पाळीतल्या खोल्या तेवढ्याच राहिल्या. अमेरिकेतल्या अभ्यासांत हॉटेलच्या कामगारांपैकी दुखापतींचं प्रमाण याच बायकांमध्ये सर्वाधिक आढळलं आहे.

तरीही या हॉटेलांबद्दल मी कडवटपणे बोलू शकत नाही. त्यांच्या काउंटरवर मला आधार कार्ड मागतात, सही मागतात, कार्ड हातात देतात. त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये 'एकटीच का?' असा रकाना नाही. ही दया नाही, पुरोगामीपणाही नाही. खोली विकायला तो प्रश्न लागत नाही, इतकंच. १९६४ च्या निकालासारखीच माझी सोयही व्यापाराच्या वाटेनं झाली, आणि मी ती आनंदानं घेते.

पण ती यादी अजून पूर्ण झालेली नाही. कुठल्याही जिल्ह्याच्या ठिकाणी, अशा हॉटेलाच्या पार्किंगमध्ये रात्री अकरानंतर एक चक्कर मारून पाहा. भाड्याच्या गाड्यांच्या सीट मागे पाडलेल्या असतात, काचा बोटभर उघड्या असतात, आरशाला टॉवेल वाळत असतो. पाहुण्यांना घेऊन आलेले ड्रायव्हर आत झोपलेले असतात. सकाळी ते सुरक्षारक्षकाला विचारून कुठल्याशा कोपऱ्यातल्या नळावर तोंड धुतात.

तेही कामानिमित्तच परगावी आलेले असतात. किमती लिहिलेलं कार्ड पुढे धरून, काय घ्याल आणि काय सोडाल, हे त्यांना अजून कुणी विचारलेलं नाही.